सिद्धता लिहा, वळसे काढा: प्रूफ थिअरीची सुरुवात कशी करावी

दहावीच्या भूमितीची वही आठवा. वर 'पक्ष', त्याखाली 'साध्य', मग 'सिद्धता', आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण: बाकोबा कसोटी, व्युत्क्रम कोन, सामाईक बाजू. त्या वहीत आपण त्रिकोणांचा अभ्यास केला. प्रूफ थिअरीत त्रिकोण बाजूला राहतो आणि 'सिद्धता' या मथळ्याखालचा मजकूरच अभ्यासाचा विषय होतो. ती सिद्धता किती लांब आहे, तिच्यात कोणते नियम वापरले, कुठला भाग काढला तरी चालेल, तो काढल्यावर काय उरते, आणि एखाद्या विधानाला सिद्धता असूच शकत नाही हे कसे दाखवायचे, असे प्रश्न इथे विचारले जातात आणि त्यांची उत्तरेही गणितानेच दिली जातात.

सांगली-मिरजेतल्या, तासगाव-विट्याकडच्या, तिकडे कराड-साताऱ्यातल्या ज्या मुलामुलींना बारावीचा 'मॅथेमॅटिकल लॉजिक'चा धडा आवडला आणि पुढे कॉलेजात तो विषय जवळजवळ दिसलाच नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बी.एस्सी.च्या गणितात प्रूफ थिअरीचा पेपर सहसा नसतो. इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर शाखेत लॉजिक डिस्क्रीट मॅथ्सच्या एका युनिटपुरते येते आणि परीक्षेबरोबर संपते. म्हणून सुरुवात स्वतःच करावी लागते. माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे: हा विषय नुसता वाचून येत नाही. हाताने सिद्धता लिहिल्या आणि लिहिलेल्या सिद्धता सरळ केल्या, तरच तो कळतो. एक फुलस्केप वही आणि पेन्सिल घ्या. खोडरबर लागेल.

पहिली पायरी: ट्रूथ टेबल बाजूला ठेवा

बारावीत विधान नेहमीच खरे ठरते का, हे आपण ट्रूथ टेबल मांडून बघतो. तीन अक्षरे असली तर ८ ओळी, दहा असली तर १०२४, वीस झाली की १०,४८,५७६. तरी इथपर्यंत निदान शेवट आहे. विधानात 'प्रत्येक नैसर्गिक संख्येसाठी' असे शब्द आले की टेबल लिहिताच येत नाही, कारण ओळी संपत नाहीत. सिद्धता मात्र संपते. अनंत संख्यांबद्दलचे विधान दहा ओळींत कायमचे पक्के करता येते, याहून थक्क करणारे गणितात मला तरी काही दिसत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर दोन शब्दप्रयोग वेगवेगळे लिहून ठेवा: 'खरे आहे' आणि 'सिद्ध होते'. नियम असे निवडलेले असतात की जे सिद्ध होते ते खरेच असते. उलट बाजू, म्हणजे निव्वळ तर्काच्या बळावर सर्व परिस्थितींत खरे ठरणारे प्रत्येक विधान सिद्धही होते, हे कुर्ट ग्योडेल यांनी १९२९ च्या प्रबंधात दाखवले. आणि १९३१ मध्ये त्यांनीच दाखवले की अंकगणितासाठी कोणतीही सुसंगत, यांत्रिकपणे तपासता येणारी नियमावली घेतली तरी काही खरी विधाने तिच्या हाती लागत नाहीत. हे आत्ता पूर्ण उमगले नाही तरी चालेल. दोन शब्दप्रयोग वेगळे आहेत एवढे डोक्यात पक्के हवे.

इथे आपल्याकडच्या न्यायशास्त्राची आठवण होणारच. सातारा जिल्ह्यातली वाई हे त्याचे जुने पीठ, आणि तिथल्या लक्ष्मणशास्त्री जोशींची 'तर्कतीर्थ' ही पदवी याच अभ्यासाची. न्यायातल्या अनुमानाला पाच अवयव असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, जसे स्वयंपाकघरात. त्यात उदाहरण अत्यावश्यक, कारण प्रश्न माणसाला ज्ञान कसे होते हा आहे. प्रूफ थिअरी फक्त विधानांच्या आकाराकडे बघते. दोन्ही वाचा, पण एकाची उत्तरे दुसऱ्यात शोधू नका.

दुसरी पायरी: नियम जोडीने शिका

नियमांच्या पद्धती बऱ्याच आहेत. नवख्याने 'नॅचरल डिडक्शन'पासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे. गेरहार्ड गेंट्झेन या जर्मन गणितज्ञाने ती १९३४-३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात मांडली. गणिती लोक प्रत्यक्षात जसा विचार करतात त्याच्या शक्य तितके जवळ जाणे हा त्याचा हेतू होता. पोलंडच्या स्टॅनिस्लाव याश्कोव्स्की यांनीही १९३४ मध्ये स्वतंत्रपणे अशीच पद्धत दिली.

प्रत्येक जोडशब्दाला दोन प्रकारचे नियम असतात: त्याला आणणारे आणि त्याला वापरणारे. 'आणि' (∧) सोपा आहे. क सिद्ध आहे, ख सिद्ध आहे, तर क ∧ ख लिहा. क ∧ ख हातात असेल तर त्यातले हवे ते एक उचला. 'किंवा' (∨) आणणे त्याहून सोपे, दोन्हींपैकी एक मिळाले की झाले. वापरणे मात्र कष्टाचे: क मानून ग पर्यंत पोचा, ख मानूनही ग पर्यंत पोचा, तरच क ∨ ख वरून ग मिळते. नकारासाठी वेगळे पाठांतर नको. ¬क म्हणजे 'क मानले तर विसंगती येते', एवढेच. आणि विसंगती हाती आली तर तिच्यातून कोणतेही विधान काढण्याची मुभा असते.

खरा कस 'जर-तर'चा (→). क → ख वापरताना क मिळाले की ख मिळते. पण क → ख आणायचे कसे? क तात्पुरते मानायचे, त्यावरून ख पर्यंत जायचे, आणि मग ते मानलेले क परत करायचे. ही उसनवारी आहे. घेतलेले गृहीतक फेडल्याशिवाय सिद्धता पुरी होत नाही.

सांगलीकराला पावसाळ्यात रोज सुचेल असे उदाहरण घेऊ. क: कोयनेतून विसर्ग वाढला. ख: आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली. ग: नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी आले. समजा क → ख आणि ख → ग हे दोन पक्ष आहेत. साध्य क → ग.

१. क → ख (पक्ष)
२. ख → ग (पक्ष)
३. क (तात्पुरते गृहीत)
४. ख (१ आणि ३ वरून)
५. ग (२ आणि ४ वरून)
६. क → ग (३ ते ५ वरून, ३ फेडले)

तिसऱ्या ते पाचव्या ओळीभोवती पेन्सिलने चौकट काढा. चौकटीतली ओळ बाहेर वापरायची नाही, हा नियम मोडला की सगळे कोसळते. आणि हेही पाहा की विसर्ग खरोखर वाढला आहे की नाही हे सहाव्या ओळीला माहीतच नसते. दोन्ही पक्ष मान्य असतील तर क → ग मान्य करावेच लागेल, एवढेच ती सांगते.

आता स्वतः करा. क → (ख → क). मग (क ∧ ख) → ग वरून क → (ख → ग), आणि उलट. मग (क → ख) वरून (¬ख → ¬क). मग क → ¬¬क. ¬(क ∨ ख) वरून ¬क ∧ ¬ख. अडलात तर खालून वर बघा: साध्याचा मुख्य जोडशब्द कोणता, त्याला आणणारा नियम कोणता, त्याला काय काय लागेल. निम्म्याहून जास्त सिद्धता या एकाच सवयीने सुटतात.

त्यानंतर ¬¬क → क करायला बसा. जमणार नाही. दिलेल्या नियमांत ते सिद्ध होतच नाही. त्यासाठी 'क ∨ ¬क' किंवा त्याच्या तोडीचा एखादा नियम बाहेरून घ्यावा लागतो. घेतला तर नेहमीचे, अभिजात तर्कशास्त्र. नाही घेतला तर ब्राउवर या डच गणितज्ञाच्या विचारांतून आलेले अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्र.

फरक कशाने पडतो ते एका जुन्या, सुंदर सिद्धतेत दिसते. साध्य: अ आणि ब या दोन अपरिमेय संख्या अशा आहेत की अ चा ब वा घात परिमेय आहे. √२ चा √२ वा घात घ्या, त्याला म म्हणू. म परिमेय असेल तर काम झाले, अ आणि ब दोन्ही √२. म अपरिमेय असेल तर म चा √२ वा घात काढा. तो √२ चा वर्ग, म्हणजे २. काम झाले. सिद्धता अचूक आहे, पण नेमकी कोणती जोडी ते ती सांगत नाही. म अपरिमेयच आहे हे वेगळ्या, पुष्कळ अवघड प्रमेयाने कळते, गेल्फाँड आणि श्नायडर यांच्या १९३४ च्या. 'म परिमेय आहे किंवा नाही' ही ओळ फुकट मिळाली, म्हणून सिद्धता इतकी छोटी राहिली.

याच पायरीवर एक कोडे: ¬¬(क ∨ ¬क) मात्र जादा नियमाशिवाय सिद्ध होते. एकच गृहीतक दोनदा वापरावे लागते. याला एक संध्याकाळ द्या, उत्तर शोधू नका.

तिसरी पायरी: वळसे ओळखा आणि काढा

विषयाचा गाभा इथे आहे, त्यामुळे इथे रेंगाळा.

समजा वहीत क मानून ख मिळवले आणि क → ख लिहिले. पुढच्याच ओळीत क ची स्वतंत्र सिद्धता केली आणि दोन्हींवरून ख काढले. क → ख आले आणि लगेच वापरून संपले. जोडशब्द आणून तिथल्या तिथे वापरणे, हा वळसा. तो असा काढतात: क ची जी स्वतंत्र सिद्धता आहे ती उचलायची आणि जिथे जिथे क गृहीत धरले होते तिथे बसवायची. गृहीतक गेले, → गेले, ख थेट मिळाले.

रोजच्या गणितात वळसा म्हणजे लेमा, मुख्य सिद्धतेत वापरण्यासाठी आधीच सिद्ध करून ठेवलेले मदतीचे विधान. 'कोणत्याही दोन विषम संख्यांची बेरीज सम असते' हा लेमा सिद्ध केला आणि तो ७ आणि ९ ला लावला. वळसा काढला तर सामान्य सिद्धतेत ७ आणि ९ घालायचे: ७ म्हणजे २×३+१, ९ म्हणजे २×४+१, बेरीज २×(३+४+१), म्हणजे १६. लेमाचे नाव न घेता उत्तर आले, आणि १६ ची निमपट ८ कुठून आली तेही दिसले.

आता वहीत करायचे काम. दुसऱ्या पायरीतल्या दोन सिद्धता एकमेकींना जोडा, म्हणजे एकीचा निष्कर्ष दुसरीचा पक्ष होईल. वळसे शोधा. एकेक काढा. प्रत्येक वेळी सिद्धता पुन्हा पूर्ण लिहा, हा भाग कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. दोन गोष्टी लक्षात येतील. एक, वळसा काढल्यावर कधीकधी नवाच वळसा तयार होतो. दोन, गृहीतक तीन ठिकाणी वापरले असेल तर क ची सिद्धता तीनदा लिहावी लागते आणि पान भरते.

मग हे कधी संपेल याची खात्री काय? नवा वळसा नेहमी जुन्यापेक्षा लहान विधानाभोवती होतो. त्यामुळे आधी सगळ्यात मोठे वळसे, तेही योग्य क्रमाने काढले, तर काम संपतेच. स्वीडनच्या डॅग प्राविट्झ यांनी १९६५ मध्ये हे नीट मांडले. गेंट्झेनलाही ते गवसले होते. त्याच्या प्रबंधाचा हस्तलिखित मसुदा २००५ मध्ये सापडला, त्यात अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्रासाठी ही सिद्धता आहे.

लांबीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. 'प्रत्येक' आणि 'असा एक तरी' हे शब्द असलेल्या तर्कशास्त्रात वळसे काढताना सिद्धता घातांकाच्या डोक्यावर घातांक अशा मनोऱ्यासारखी फुगू शकते, आणि कोणत्याही ठरावीक उंचीचा मनोरा तिला पुरत नाही. स्टॅटमन आणि ओरेव्कोव्ह यांनी १९७९ मध्ये हे स्वतंत्रपणे दाखवले. लेमामुळे लिखाण किती वाचते याचे हे मोजमाप आहे. चांगला लेमा शोधणाऱ्याचे आपण कौतुक करतो ते किती रास्त आहे, हे मला या निकालाने पटले.

आणि या मेहनतीचे फळ बघा. जादा नियम न घेतलेल्या तर्कशास्त्रात, कोणतेही गृहीतक न उरलेली आणि वळसा नसलेली सिद्धता नेहमी 'आणणाऱ्या' नियमाने संपते. म्हणजे क ∨ ¬क ची तशी सिद्धता असती तर तिच्या शेवटच्या ओळीच्या वर क ची किंवा ¬क ची सिद्धता असती. क हे नुसते अक्षर, त्याची सिद्धता नाही आणि त्याच्या नकाराचीही नाही. म्हणून क ∨ ¬क सिद्ध होत नाही. लाखो प्रयत्न फसले म्हणून हे आपण म्हणत नाही. सिद्धतेचा आकार बघून म्हणतो.

चौथी पायरी: सीक्वेंट

गेंट्झेनच्या त्याच प्रबंधात दुसरी मांडणी आहे. तिच्यातल्या प्रत्येक ओळीला सीक्वेंट म्हणतात. प्रत्येक ओळीत एक खूण, ⊢. तिच्या डावीकडे पक्षांची यादी, उजवीकडे साध्यांची. डावीकडची सगळी विधाने खरी असतील तर उजवीकडचे निदान एक खरे, असे ती ओळ वाचायची. गृहीतके आता चौकटीत लपत नाहीत, प्रत्येक ओळीत समोर असतात. नियमही दोन बाजूंचे: जोडशब्द डावीकडे आणणारा आणि उजवीकडे आणणारा.

याखेरीज एक नियम आहे 'कट'. एका ओळीत क उजवीकडे, दुसरीत क डावीकडे, तर क गाळून दोन्ही ओळी जोडा. हाच तो लेमा, नव्या वेशात. गेंट्झेनचे मुख्य प्रमेय म्हणते की कट न वापरताही तेच सगळे सिद्ध होते. कट नसलेल्या सिद्धतेत साध्याचे तुकडे सोडून बाहेरचे एकही विधान येत नाही. म्हणून शोध खालून वर करता येतो. आणि दोन्ही बाजू रिकाम्या असलेली ओळ, म्हणजे निखळ विसंगती, कशी मिळेल ते शोधून बघा. कट सोडला तर प्रत्येक नियम खालच्या ओळीत काहीतरी ठेवतोच. म्हणून ती मिळत नाही. तर्कशास्त्र सुसंगत आहे, याची सिद्धता तुम्ही आत्ता एका परिच्छेदात वाचली.

हाताने करायला अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ चार्ल्स पर्स यांचे विधान घ्या, ((क → ख) → क) → क. वरून खाली असे होते:

१. क ⊢ ख, क
२. ⊢ क → ख, क
३. क ⊢ क
४. (क → ख) → क ⊢ क (२ आणि ३ वरून)
५. ⊢ ((क → ख) → क) → क

पहिल्या दोन ओळींत उजवीकडे दोन विधाने आहेत. उजवीकडे एकापेक्षा जास्त ठेवायचे नाही, असे बंधन घाला: ही सिद्धता बंद पडते, आणि जे उरते ते नेमके अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्र. दोन तत्त्वज्ञानांतले अंतर स्वल्पविरामानंतरच्या एका जागेत मावते.

पाचवी पायरी: अंकगणित, घाई न करता

अंकगणित सुसंगत आहे हे सिद्ध करा, हा डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये पॅरिसला मांडलेल्या प्रश्नांतला दुसरा. १९३१ च्या ग्योडेलच्या निकालाने कळले की अंकगणिताच्या स्वतःच्या साधनांनी हे होणार नाही. १९३६ मध्ये गेंट्झेनने ते बाहेरचे एकच साधन घेऊन केले: एप्सिलॉन-शून्य या क्रमांकापर्यंतचे गणिती विगमन (इंडक्शन). सगळ्या नैसर्गिक संख्यांच्या पलीकडचा पहिला क्रमांक ओमेगा. मग ओमेगाचा ओमेगावा घात, त्यावर पुन्हा ओमेगा, असे चढत गेल्यावर जिथे पोचतो तो एप्सिलॉन-शून्य. प्रत्येक सिद्धतेला त्याच्या खालचा एक क्रमांक द्यायचा आणि सिद्धता सरळ करताना तो उतरत जातो हे दाखवायचे. असे उतरणे अनंत काळ चालू शकत नाही. १९४३ मध्ये त्याने हेही दाखवले की त्याखालच्या प्रत्येक क्रमांकापर्यंतचे विगमन अंकगणितात सिद्ध होते, एप्सिलॉन-शून्यचे होत नाही. दोन वर्षांनी प्रागमध्ये कैदेत असताना तो वारला. वय ३५.

ही सिद्धता लगेच वाचू नका. आधी गुडस्टाइनची साखळी करा: संख्या एका पायाच्या घातांत लिहायची, तो पाया एकाने वाढवायचा, एक वजा करायचा, आणि नव्या पायाने हेच पुन्हा. ३ हा पाया २ मध्ये २+१. सगळे २ काढून ३ घाला, एक वजा करा: ३. आता ३ च्या जागी ४, वजा एक: पुन्हा ३. मग २, १, ०. संपले. आता ४ पासून. ४ म्हणजे २ चा २ रा घात. (घातांकातही पायाच वापरायचा आणि तोही बदलायचा.) ४, २६, ४१, ६०, ८३, १०९... वाढतच जाते. तरी ही साखळीही शून्यावर येते, फक्त त्याला लागणाऱ्या पायऱ्यांची संख्या लिहायला १२ कोटींहून अधिक अंक लागतात. प्रत्येक साखळी शून्यावर येते हे गुडस्टाइनने १९४४ मध्ये सिद्ध केले, पायाच्या जागी ओमेगा घालून. आणि किर्बी व पॅरिस यांनी १९८२ मध्ये दाखवले की पेआनोच्या अंकगणितात, म्हणजे नैसर्गिक संख्यांच्या नेहमीच्या नियमावलीत, ते सिद्ध होत नाही. पहिल्या पानावरचे 'खरे आहे' आणि 'सिद्ध होते' इथे आकड्यांत वेगळे होतात. निदान पहिली सहा पदे स्वतः काढा.

सहावी पायरी: मग कॉम्प्युटर

हॅस्केल करी आणि विल्यम हॉवर्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा संबंध असा: सिद्धता म्हणजे प्रोग्राम, विधान म्हणजे त्याचा टाइप (तो काय घेतो आणि काय देतो याचे वर्णन), आणि वळसा काढणे म्हणजे प्रोग्राम चालवणे. क → ख ची सिद्धता म्हणजे क घेऊन ख देणारे फंक्शन. कॉम्प्युटरच्या मुलांना तिसरी पायरी इथे पुन्हा, वेगळ्या अंगाने कळते. कॉक (आता त्याचे नाव रॉक), लीन हे सिद्धता तपासणारे प्रोग्राम याच पायावर उभे आहेत. चार रंगांच्या प्रमेयाची सिद्धता जॉर्ज गाँटिए यांनी २००५ मध्ये कॉकमध्ये पूर्ण तपासून घेतली.

सुरुवातीला काही इन्स्टॉल करायची गरज नाही. केविन बझर्ड आणि मोहम्मद पेद्रमफर यांचा 'नॅचरल नंबर गेम' ब्राउझरमध्ये मोफत चालतो आणि लीनची तोंडओळख करून देतो. पण दुसरी आणि तिसरी पायरी वहीत झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका. कमांड टाकून बघत राहिले की हिरवी खूण मिळते, आणि ती का मिळाली हे कळलेलेच नसते.

शक्य असेल तर दोघे-तिघे मिळून बसा, आमराईत, वाचनालयात, कुठेही. एकाने सिद्धता लिहायची, दुसऱ्याने प्रत्येक ओळीला 'कोणत्या नियमाने?' एवढेच विचारायचे. वाचायला ओपन लॉजिक प्रोजेक्टची मोफत इंग्रजी पाठ्यसामग्री पुरेशी आहे. त्यात नॅचरल डिडक्शन आणि सीक्वेंट दोन्ही आहेत. पुढे ज्यांना संख्यांची ओढ आहे त्यांनी क्रमांकांकडे वळावे, ज्यांना कोडिंगची त्यांनी टाइप थिअरीकडे. ब्राउवरच्या हट्टाबद्दल कुतूहल वाटत असेल त्यांनी दहावी-बारावीची पाच-सहा प्रमेये घ्यावीत आणि प्रत्येकीत 'समजा असे नाही' हे शब्द आले की तिथे क ∨ ¬क खरोखर लागते का, ते तपासावे. √२ च्या अपरिमेयतेपासून सुरुवात करा. तिथे ते लागत नाही.